शीड उभारण्याआधी बैठक : आंतरराष्ट्रीय पॅरा सेलिंगची तयारी

आधी एक घोळ मिटवू. ‘पॅरासेलिंग’ हा शब्द इंटरनेटवर शोधलात तर मोटरबोटीमागे पॅराशूटला लटकलेली माणसं दिसतील. आपला विषय तो नाही. इथला ‘पॅरा’ पॅरा ॲथलेटिक्समधला, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचा, आहे आणि सेलिंग म्हणजे शिडाच्या होडीची शर्यत. दोन्ही शब्द सुटे लिहायची सवय लावून घ्या. प्रायोजकाला पत्र लिहाल तेव्हा तर नक्कीच, नाहीतर तो पॅराशूटचा विमा आहे का म्हणून विचारेल.

नवखा माणूस या खेळात आला की वाऱ्याबद्दल विचारतो. जुना खेळाडू नवी होडी बघताना आधी सीट चाचपतो, मग दोऱ्या कुठे येतात ते बघतो. माझंही मत जुन्यांच्या बाजूने आहे. बैठक चुकली की बाकी सगळी हुशारी वाया जाते, म्हणून या लेखात किनाऱ्यावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी : खेळ आज कुठे आहे ते समजून घ्या

१९९६ च्या अटलांटा पॅरालिम्पिकमध्ये सेलिंग प्रदर्शनीय खेळ होता. सिडनी २००० पासून त्याला पदकं मिळू लागली. तेव्हा तिघांची सोनार आणि एकट्याची २.४ एमआर अशा दोनच होड्या होत्या. २००८ मध्ये दोघांची स्कड १८ आली. रिओ २०१६ मध्ये ८० खेळाडू उतरले, आणि तीच आजवरची शेवटची वेळ. २०१५ च्या सुरुवातीलाच आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने टोकियो २०२० च्या यादीतून सेलिंग वगळलं होतं. खेळाचा जगभरातला प्रसार समितीच्या निकषाएवढा नाही, हे कारण दिलं गेलं. पॅरिस २०२४ मध्येही तो नव्हता आणि लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीतही नाही. पुन्हा आत येण्यासाठी जागतिक संघटना, म्हणजे वर्ल्ड सेलिंग, धडपडते आहे.

हे आधीच सांगतो, कारण पॅरालिम्पिक पदकाच्या आशेने आलेला खेळाडू दुसऱ्याच वर्षी खचतो. सध्याचं शिखर म्हणजे जागतिक अजिंक्यपद. २०२३ मध्ये द हेग इथे ऑलिम्पिक वर्गांच्या (वर्ग म्हणजे एकाच प्रकारच्या होड्या) जागतिक स्पर्धेबरोबरच, त्याच ठिकाणी, पॅरा वर्गांच्याही शर्यती झाल्या. प्रत्येक वर्गाची संघटना आपापल्या स्पर्धा भरवते ते वेगळं. ध्येय ठरवताना तीन-चार वर्षांचं वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवा.

दुसरी पायरी : होडी निवडा

आज बघण्यासारखे पर्याय तीन आहेत.

हान्सा ३०३. नावाप्रमाणे लांबी ३.०३ मीटर. ऑस्ट्रेलियात क्रिस मिचेल यांनी रेखाटलेल्या होड्यांच्या कुटुंबातली ही. खेळाडू खोलगट जागी, झोळीसारख्या सीटवर, पुढे तोंड करून बसतो. खाली वजनदार फळी असल्याने होडी सहजी कलंडत नाही. वारा वाढला की शीड डोलकाठीभोवती गुंडाळून लहान करता येतं, तेही जागेवरून न उठता. सुकाणू जॉयस्टिकने फिरतं: दांडा ज्या बाजूला न्याल त्या बाजूला होडी वळते. साध्या होडीतल्या टिलरचं, म्हणजे सुकाणूच्या दांड्याचं, याच्या बरोब्बर उलट असतं. आधी टिलरवर शिकलेले लोक इथे पहिले दोन दिवस किनाऱ्यावरच्यांची भरपूर करमणूक करतात. जागतिक स्पर्धेत या होडीवर पुरुष आणि महिलांच्या वेगळ्या एकेरी शर्यती होतात.

२.४ एमआर. सुमारे ४.२ मीटर लांब, साधारण २६० किलो वजनाची आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन कीलमधल्या, म्हणजे तळाखालच्या पात्यातल्या, शिशाचं. एखाद्या मोठ्या शर्यती नौकेचं पिल्लू म्हणा ना. खेळाडू बराचसा आत बसतो, डोळे डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या, थोडेच वर. शिडाचे सगळे दोर समोर हाताशी आणलेले असतात. सुकाणू पायाच्या पेडलने किंवा हाताच्या दांड्याने चालतं. साध्या डिंगीत, म्हणजे लहान हलक्या होडीत, खेळाडू होडीबाहेर वाकून तोल सांभाळतो आणि तिथे ताकदवान पाय-पोटाचा फायदा होतो. इथे शरीर हलवून काही मिळत नाही. उरतं ते शीड बसवण्याचं कसब आणि वाऱ्याचा अंदाज. म्हणूनच या वर्गाची खुली जागतिक स्पर्धा दिव्यांग आणि इतर खेळाडू एकत्र खेळतात. लंडन २०१२ मध्ये ब्रिटनच्या हेलेना लुकास यांनी याच होडीत, पुरुषांचा भरणा असलेल्या ताफ्यात, सुवर्णपदक मिळवलं. डाव्या हाताच्या पंजाविना जन्मलेले फ्रान्सचे दामियाँ सेगाँ २००४ आणि २०१६ मध्ये हिच्यात सुवर्ण जिंकले आणि पुढे वांदे ग्लोब ही एकट्याने न थांबता जगाला फेरी मारण्याची शर्यत सातव्या क्रमांकाने पूर्ण करून आले.

तिसरी आरएस व्हेंचर कनेक्ट. सुमारे पाच मीटरची, दोघांची. सोबत्याबरोबर खेळायचं असेल तर ही. सोनार आणि स्कड १८ जुन्या निकालांत दिसतील. आता नव्याने खरेदी करून तयारी करण्यात अर्थ नाही.

निवडीचा माझा नियम साधा आहे: तुमच्या सरावाच्या पाण्यावर जी होडी किमान चार-पाच नगांनी आहे ती घ्या. एकट्या सुंदर होडीत एकट्याने सराव करून कुणी शर्यतीचा खेळाडू झालेला मी पाहिलेला नाही.

तिसरी पायरी : बैठक बसवा

हे काम पाण्यात होत नाही. होडी ट्रॉलीवर, जमिनीवर, आणि तीही कलवता येईल अशी ठेवा. दोघांनी तिला एका बाजूला वीस-पंचवीस अंश झुकवायचं आणि खेळाडूने आत बसून शिडाचा दोर ओढायचा. सरळ होडीत आरामशीर वाटणारी सीट झुकल्याबरोबर खरी कळते. कंबरेखाली संवेदना आणि पोटाला ताकद नसेल तर माणूस उतरणीच्या बाजूला घसरतो, मग एक हात स्वतःला धरण्यात अडकतो आणि खेळायला उरतो एकच. त्यासाठी दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या पातळीवर आधार लागतो, गुडघ्यांमध्ये पाचर लागते आणि पाय पुढे सरकू नयेत म्हणून टाचांना अडसर.

पट्ट्याबाबत मात्र काटेकोर राहा. शरीर होडीला बांधलं जाईल असा कुठलाही पट्टा एका ओढीत सुटला पाहिजे, आणि ती ओढ खेळाडूच्या स्वतःच्या हाताच्या आवाक्यात हवी. बोटांना पकड नसेल तर पट्ट्याच्या टोकाला मनगट जाईल एवढा फास ठेवा. खरेदीच्या वेळी दुकानात सुटणारा वेल्क्रो ओला झाल्यावर, वर अंगाचा भार असताना सुटतो का, हे बादलीभर पाणी ओतून तपासा.

पुढे दोऱ्या. पकड कमजोर असेल तर एका जाड दोरापेक्षा पुल्यांची एखादी जोडी वाढवून ओढ हलकी करणं बरं. दोर लांब ओढावा लागतो खरा, पण ओढता तरी येतो. रॅचेट पुली (एकाच दिशेने सहज फिरणारी) लावली तर हातावरचा ताण कमी होतो. दोराच्या टोकांना फास किंवा लाकडी गोळे बांधा. दृष्टी कमी असलेल्या खेळाडूसाठी रंग पुरेसे नाहीत, स्पर्शही वेगळा हवा: एक दोर गुळगुळीत, दुसरा खरबरीत, आणि नेहमीच्या जागी दोऱ्याची गुंडाळी शिवून केलेली खूण. हलक्या वाऱ्यात शीट, म्हणजे शिडाचा दोर, किती सैल होती, हे खुणेमुळे बोटांनाच कळतं.

हात अजिबात चालत नसतील तरी दार बंद नाही. विजेवर चालणारे सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटारी, सुकाणू आणि शीड दोन्ही चालवतात. ब्रिटनच्या हिलरी लिस्टर हातपाय हलवू शकत नव्हत्या. त्या नळ्यांमध्ये श्वास ओढून आणि फुंकून होडी चालवत. २००५ मध्ये त्यांनी एकटीने इंग्लिश खाडी पार केली, २००९ मध्ये ब्रिटनला फेरी पूर्ण केली. शर्यतीत असं साधन वापरण्याआधी त्या वर्गाचे नियम आणि स्पर्धेचं सूचनापत्रक वाचा; काय चालतं, काय नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.

आणि होडीत चढणं-उतरणं. खुर्चीतून होडीत जाताना अपघात होतात तेवढे भर पाण्यात होत नाहीत. तरंगता धक्का हलतो, होडी हलते, मधला माणूस लोंबकळतो. क्रेन किंवा हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) असेल तर झोळी तुमच्या मापाची हवी आणि ती बरोबर न्यायला हवी. स्पर्धेच्या ठिकाणी मिळेल त्या झोळीवर विसंबू नका. सरकफळी वापरत असाल तर फळीची कड कातडीला घासत नाही ना ते दुसऱ्याला बघायला सांगा. मदतनीसांमध्ये आज्ञा देणारा एकच असावा, आणि तो म्हणजे खेळाडू स्वतः.

चौथी पायरी : पाण्यात पडून बघा

तरणतलावात, अंगावर शर्यतीचेच कपडे घालून. ५० न्यूटनचं साधं तरंगजाकीट पोहू शकणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी असतं. ते तुम्हाला उताणं करेलच असं नाही. १५० न्यूटनचं जीवरक्षक जाकीट बेशुद्ध माणसाचंही तोंड वर आणण्यासाठी बनवलेलं असतं. पण ही मोजमापं सरासरी शरीराची आहेत. एक पाय नसलेला, पायांत ताठरता असलेला किंवा पाय हलके पडलेला माणूस पाण्यात वेगळा तरंगतो. काहींचे पाय वर येतात आणि तोंड खाली जातं. तुमच्या शरीराचं उत्तर फक्त तलाव देईल. क्रॉच पट्टा (दोन पायांमधून जाणारा) असलेलंच जाकीट घ्या, नाहीतर ते डोक्यावरून निघून येतं.

कृत्रिम पायाचं काय? खारं पाणी सांध्यांना खातं आणि पोकळ भागात पाणी भरलं की तो खाली ओढतो. बहुतेक जण तो किनाऱ्यावर काढून ठेवतात. मग परत आल्यावर तो धक्क्यावर नेमका कोण आणणार, हेही ठरलेलं असू दे. हसू नका, अर्धा तास उन्हात बसून वाट पाहिलेल्यांना विचारा.

बचावबोटीच्या चालकाला शर्यतीआधी जाऊन भेटा. मला कसं उचलायचं, कुठे धरायचं नाही, माझा पट्टा कुठे सुटतो, एवढं एका कागदावर चित्रासह द्या. चांगल्या आयोजकांकडे प्रत्येक होडीचा असा तक्ता असतो. नसला तर तुमचा कागद तरी असेल.

पाचवी पायरी : शरीराची देखभाल

शर्यतीचा दिवस म्हणजे चार ते सहा तास त्याच सीटवर. संवेदना नसलेल्या भागावर ओली, खारट चड्डी आणि खाली कडक फायबर: दाबव्रण व्हायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. एका छोट्या लालसर डागाने पुढचे दोन-तीन महिने अंथरुणावर जाऊ शकतात. हवेची किंवा जेलची पातळ गादी, शिवण नसलेले कपडे आणि दोन शर्यतींच्या मध्ये भार उचलण्याचा गजर. किनाऱ्यावर आल्याबरोबर आरशाने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने कातडी बघायची. डाग दिसला आणि दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर दुसऱ्या दिवशीची शर्यत सोडायची. हा निर्णय भावनेच्या भरात घ्यायचा नसतो, म्हणून तो स्पर्धेआधीच लेखी ठरवा.

पाणी कमी पिणं हा या खेळातला सर्वांत जुना मूर्खपणा. लघवीची पंचाईत नको म्हणून लोक सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात, दुपारी डोकं चालत नाही आणि आठवड्याच्या शेवटी मूत्रसंसर्ग होतो. त्यापेक्षा पायाला बांधायची पिशवी आणि तिचा नळ हाताशी येईल अशी कपड्यातली फट, हा उपाय सरावातच पक्का करा.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. इजेखालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे ऊन चढलं की ताप आल्यासारखं शरीर तापतं. पाण्याचा फवारा आणि ओला गळपट्टा जवळ हवा. दुसरी गोष्ट ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. भरलेलं मूत्राशय, वळलेला पट्टा अशा क्षुल्लक कारणानेही रक्तदाब अचानक झेपावतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं. ही आणीबाणी आहे: ताठ बसवा, पट्टे सैल करा, पिशवीची नळी बघा, डॉक्टर बोलवा. कामगिरी वाढावी म्हणून हा झटका मुद्दाम आणण्याच्या प्रकाराला बूस्टिंग म्हणतात. त्यावर बंदी आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो.

औषधांची यादी एकदा उत्तेजकविरोधी नियमांशी ताडून पाहा. लघवी वाढवणारी औषधं कायम बंदीत आहेत. काही तीव्र वेदनाशामकं आणि तोंडावाटे घ्यायची कॉर्टिसोनसारखी स्टेरॉइड्स स्पर्धेच्या काळात चालत नाहीत. वैद्यकीय गरज असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो, पण तो आधी.

सहावी पायरी : वर्गीकरण

इथे सर्वांत जास्त अश्रू सांडतात. दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र इथे चालत नाही. खेळाचा प्रश्न वेगळा असतो: तुमच्या दुर्बलतेमुळे होडी चालवण्यात किती अडचण येते? सेलिंगमध्ये पारंपरिकपणे चार गोष्टी पाहिल्या गेल्या आहेत. होडीच्या हालचालीत तोल सावरणं, दोर आणि सुकाणू हाताळणं, होडीत हलणं आणि दृष्टी. पॅरालिम्पिकच्या काळात यावरून १ ते ७ गुण मिळत. १ म्हणजे सर्वाधिक अडचण. सोनारवरच्या तिघांची बेरीज १४ च्या वर जाऊन चालत नसे, त्यामुळे संघ बांधणं म्हणजे गणिताचाच खेळ होई. एकेरी शर्यतींत मुख्य प्रश्न उरतो तो किमान पात्रतेचा.

तयारी अशी करा. वैद्यकीय निदानाचा फॉर्म डॉक्टरांकडून इंग्रजीत भरून घ्या, सोबत ताजे अहवाल जोडा. इजा असेल तर एमआरआय किंवा एक्स-रे, दृष्टीसाठी दृष्टिक्षेत्राची चाचणी. ‘रुग्ण अपंग आहे’ एवढं एका ओळीचं पत्र उपयोगाचं नाही. स्नायूनिहाय ताकद आणि सांध्यांच्या हालचालीचे अंश लिहिलेले हवेत. कागद पाठवायची मुदत स्पर्धेच्या बऱ्याच आधी संपते. प्रत्यक्ष तपासणीला वर्गीकरण करणाऱ्यांचं पथक असतं. टेबलावर स्नायू तपासतात, होडीत बसवून बघतात, गरज वाटल्यास शर्यतीतही लक्ष ठेवतात. नेहमी वापरता ते प्रत्येक साधन घेऊन जा.

मग दर्जा मिळतो: कायम, किंवा पुन्हा तपासणीसाठी राखून ठेवलेला. आजार वाढत जाणारा असेल तर दुसरा मिळतो, त्यात अपमान वाटून घेऊ नका. मुद्दाम कमी ताकद दाखवणं हा मात्र गंभीर गुन्हा आहे. आणि अपात्र ठरलात तर? तोही निकाल येतो, तुमचं दैनंदिन जगणं कितीही अवघड असलं तरी. म्हणून मोठा खर्च करण्याआधी आपल्या देशाच्या संघटनेमार्फत प्राथमिक मत घ्या.

सातवी पायरी : शर्यतीचा सराव

स्टार्टवर अर्धा सराव घालवा. क्रम ठरलेला आहे: पाच मिनिटं आधी वर्गाचा झेंडा, चार मिनिटांना तयारीचा झेंडा, एक मिनिट उरताना तो खाली, मग शून्य. वेळ झेंड्यावरून धरतात, भोंगा वाजला नाही तरी फरक पडत नाही. कमी दिसणाऱ्या खेळाडूला याचा तोटा होतो, म्हणून बोलणारं घड्याळ किंवा सोबत्याची मोठ्याने मोजणी यांची आधीच परवानगी घ्या.

थांबलेली होडी पुन्हा वेगात यायला किती सेकंद घेते, हे वेगवेगळ्या वाऱ्यांत मोजून ठेवा. २.४ एमआर जड असल्याने ती हळू पळू लागते. शेवटच्या दहा सेकंदांत जाग आली तर उपयोग नाही. डोळे खाली असल्याने पुढच्या शिडामागचा भाग दिसत नाही आणि उजव्या बाजूने वारा घेऊन येणारी होडी, जिला नियमाने वाट द्यायची असते, तिथेच लपलेली असते. शिडातल्या खिडकीतून दर काही सेकंदांनी बघायची सवय अंगी मुरवा.

दोघांच्या होडीत एकाला दिसत नसेल तर भाषा ठरवून घ्या. ‘थोडं’, ‘जरा’ हे शब्द बाद. घड्याळाच्या आकड्यांनी दिशा, होडीच्या लांबीने अंतर: ‘दोन वाजता बोया, पाच लांब्या’ (बोया म्हणजे शर्यतीच्या वाटेवरची तरंगती खूण). आंधळ्या खेळाडूंच्या मॅच रेसिंगमध्ये, म्हणजे दोनच होड्यांच्या शर्यतीत, बोये आणि होड्या आवाज करतात आणि होडीत डोळस कुणी नसतं. तो प्रकार एकदा तरी डोळे बांधून करून बघावा. गालावरचा वारा किती सांगतो ते तेव्हा कळतं.

आठवी पायरी : प्रवास

स्पर्धेचं सूचनापत्रक आलं की त्यातल्या तारखा भिंतीवर लावा. वर्ल्ड सेलिंगचा सेलर आयडी, म्हणजे खेळाडूचा ओळख क्रमांक, काढून ठेवा. भाड्याची होडी घेणार असाल तर आपली सीट, आधार आणि फास वेगळ्या पेटीतून न्या आणि प्रत्येक तुकड्याचा फोटो मापांसह पाठवून ठेवा. सर्व्होच्या लिथियम बॅटरीचं लफडं विमानतळावर होतं: १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मंजुरी लागते, सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. चाकाच्या खुर्चीचे नियम वेगळे, ते स्वतंत्र विचारा. स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी पोहोचा. होडी जुळवायला दोन दिवस जातातच.

नववी पायरी : स्पर्धेचा आठवडा

गुणांची पद्धत उलटी आहे: पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि सर्वांत कमी बेरीज जिंकते. स्टार्ट रेषा आधी ओलांडून परत आला नाहीत, तर नोंदल्या गेलेल्या होड्यांच्या संख्येत एक मिळवून तेवढे गुण डोक्यावर बसतात. बहुधा सर्वांत वाईट एक शर्यत वगळली जाते. म्हणून एक धाडस फसलं तर चालतं, दुसरं फसलं तर आठवडा गेला. पहिल्या दोन दिवसांत सातत्याने पाचवा-सहावा येणारा खेळाडू शेवटी वर दिसतो.

नियमभंग झालाच तर लगेच गर्दीतून बाहेर पडून दंडाच्या फेऱ्या घ्या. किती घ्यायच्या ते सूचनांत असतं. दुसऱ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर तिथल्या तिथे ‘प्रोटेस्ट’ ओरडा, आणि किनाऱ्यावर आल्यावर लेखी अर्जाची मुदत बघा. इथे पॅरा खेळाडूला खास अडचण येते: हॉइस्टच्या रांगेत, ओले कपडे बदलताना, कातडी तपासताना ती मुदत निघून जाते. पहिल्याच सभेत स्पर्धेच्या समितीला हे सांगून मुदत कशी मोजणार ते विचारा आणि अर्जाचे कोरे कागद पेनासह मदतनिसाच्या खिशात ठेवा. तुम्ही अजून झोळीत लटकलेले असाल तेव्हा त्याने लिहायला सुरुवात केलेली असली पाहिजे.